शाळेचा टोल कोणी दिला : वर्गाच्या आठवणींच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

काल रात्री फोनवरच्या ग्रुपवर पुन्हा तेच. कुणीतरी विचारलं, "पुराच्या दिवशी शाळा लवकर सोडली होती, आठवतंय का?" आणि दीड तासात एकशे चाळीस निरोप. सकाळी सगळं वाचून काढलं तर त्यात आठवण म्हणावी अशा गोष्टी दोनच. बाकी "हो हो", "अगदी अगदी", "काय दिवस होते ते" आणि रडके-हसरे चेहरे. पहिल्याने जे सांगितलं त्याला बाकीच्यांनी माना डोलावल्या, संपलं.

मॉनिटरशी बोललो. (दहावी होऊन पस्तीस वर्षं झाली तरी ती मॉनिटरच आहे. या नोंदींत कुणाचंही नाव घालायचं नाही असं ठरलंय, म्हणून सगळे शाळेतल्या ओळखीनेच येतील.) ग्रुपमध्ये आम्ही ३१ जण. प्रत्येकाला गावाचं आणि शाळेचं जे आठवतं ते कार्डांवर उतरवून घ्यायचं, घरोघरचे फोटो स्कॅन करायचे, आठवणीतला नकाशा काढायचा. मुदत साधारण तीन महिने. नोंदी मी ठेवायच्या.

पुस्तक काढायचं का, हे लगेच कुणीतरी विचारलंच. आत्ता नाही. पुस्तक म्हटलं की लोक शुद्ध आणि गोड लिहायला लागतात.

६ जून

पहिला नियम ठरला, त्यावरून पहिलं भांडणही झालं. नियम असा: आधी ज्याने त्याने एकट्याने लिहायचं, एकत्र बोलणं नंतर.

गोलकीपर वैतागला. "अरे, चार जण बसलो की एकाचं ऐकून दुसऱ्याला आठवतं. एकट्याला काय डोंबल आठवणार?"

मलाही आधी तसंच वाटायचं. पण वेल्डन आणि बेलिंजर या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये हेच तपासलं होतं. तिघांनी एकत्र बसून आठवायचं, आणि दुसरीकडे तिघांनी वेगवेगळं आठवून त्यांच्या याद्या मागाहून जोडायच्या, दोघांत आलेली गोष्ट एकदाच मोजायची. एकत्र बसलेल्यांच्या पदरात कमी पडलं. कारण म्हणून बहुतेक जण सांगतात ते असं, की आठवण काढायची प्रत्येकाची आपली एक वाट असते. मी शाळेच्या फाटकापासून सुरू करतो, तू बाकापासून. तू बोलायला लागलीस की माझी वाट मोडते.

दुसरा धोका याहून मोठा. फियोना गॅबर्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जोड्यांना एका चोरीची चित्रफीत दाखवली. दोघांना वाटलं आपण एकच फीत पाहिली. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या कोनांतून घेतलेली होती, त्यामुळे काही गोष्टी एकालाच दिसल्या होत्या. नंतर ज्यांनी आपसात गप्पा मारल्या त्यांच्यापैकी ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली निदान एक गोष्ट पाहिली म्हणून सांगितली. खोटं बोलायचं कुणाच्या मनातही नव्हतं.

"म्हणजे आपण साक्षीदार आणि आपली खटल्याला जुंपणी," गोलकीपर म्हणाला. पण मानलं त्याने.

कार्डं बंद पाकिटात मॉनिटरकडे जाणार. सगळी येईपर्यंत पाकिटं फोडायची नाहीत. मीही माझं तिच्याकडेच द्यायचं, आणि मलाही काही दिसणार नाही.

९ जून

कार्डावरचे प्रश्न. माझ्या पहिल्या मसुद्यात होतं: "पुराचं पाणी शाळेत शिरलं तेव्हा तुम्ही किती घाबरला होता?" एका वाक्यात मी पाणी शाळेत शिरवलं आणि सगळ्यांना घाबरवूनही टाकलं. १९७४ मध्ये लोफ्टस आणि पामर यांनी एका मोटार अपघाताची फीत दाखवून नेमकं हेच दाखवलं होतं. "गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता" असं विचारलं की लोक वेग जास्त सांगायचे, "लागल्या तेव्हा" विचारलं की कमी. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? आदळल्या हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. फितीत काच फुटलेलीच नव्हती.

आता प्रश्न एवढाच: "पुराच्या दिवसाचं काय आठवतं?"

खाली चार चौकोन, त्यातल्या एकावर खूण करायची. स्वतः पाहिलं. कुणाकडून ऐकलं. फोटोत पाहिलं. सांगता येत नाही. चौथा चौकोन मॉनिटरने घालायला लावला. मी म्हटलं, तो दिला की सगळे आळशी त्यातच खूण करतील. ती म्हणाली, "करू देत."

१४ जून

पाच पाकिटं. "लिहितोय, लिहितोय" म्हणणारे बावीस.

२१ जून

या एका प्रश्नाची उत्तरं मी माझ्याकडेच मागवली होती: कोणते वास आठवतात? कारण विलँडर आणि लार्सन यांच्या २००६ च्या अभ्यासात वासाने जागी होणारी आठवण बहुतेक वेळा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतली निघाली, आणि शब्द किंवा चित्र दाखवून जागी होणारी त्याच्या पुढच्या दशकातली. आमच्या ग्रुपवर, पूर सोडला तर, बोलणं सगळं आठवी ते दहावीचं. प्राथमिक शाळा जणू झालीच नाही.

उत्तरं मस्त आली. ओल्या डस्टरचा. पावसात भिजून वर्गातच वाळणाऱ्या दप्तरांचा. खोडरबराचा, आणि तो चावून बघितल्याचा. कोऱ्या वहीत नाक खुपसल्याचा, हा तर नऊ जणांना. पेन्सिलीला टोक काढताना पडणाऱ्या सालींचा. एकाने लिहिलं, "बाईंच्या टेबलाशी उभं राहिलं की टेबलाच्या लाकडाचा. उंची तेवढीच होती." हे वाचून मी बराच वेळ काही केलं नाही.

एकीने फक्त लिहिलं, "फाटकाजवळचा, गाडी गेल्यावर तापलेल्या लोखंडाचा." ती कोपऱ्यातली. वर्गातही कधी एका वाक्याच्या वर बोलली नाही.

२८ जून

नकाशे आले, १९. कोऱ्या कागदावर, काहीही न बघता, वीस मिनिटांत आपलं गाव काढा, एवढंच सांगितलं होतं.

ही युक्ती केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराची. १९६० मध्ये छापून आलेल्या त्याच्या अभ्यासात बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथल्या लोकांकडून त्याने असेच नकाशे काढून घेतले होते. मनातलं शहर पाच गोष्टींचं बनलेलं असतं असं त्याला दिसलं: वाटा, कडा, वेगवेगळे भाग, लोक जमतात-वळतात ती नाकी, आणि खुणा. बोस्टनमध्ये त्याने तीसेक लोकांशी बोलून हे मांडलं, बाकी दोन शहरांत पंधरा-पंधरा. त्या मानाने आमचे १९ काही वाईट नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ट्रेसिंग पेपरवर एकेक उतरवून, थर एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. पूल सगळ्यांनी काढलाय. पाण्याची टाकी सतरांनी, आणि ती प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या त्याच्या घराकडे सरकलेली. शाळा अकरा जणांनी गावाच्या मधोमध बसवलीय. आजचा उपग्रहाचा नकाशा उघडून पाहिलं तर ती गावाच्या एका टोकाला आहे, आणि तेव्हाही तिथेच होती. पुलापासून शाळेपर्यंतचा रस्ता बहुतेकांनी खऱ्यापेक्षा खूप लांब ओढलाय. वाटेत वळणं जास्त असली की ती वाट मनात लांब होते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आमच्या त्या रस्त्याला चार वळणं, आणि चारही वळणांवर थांबायला काहीतरी कारण.

वडाच्या झाडावरून वाद पेटेल असं वाटलं होतं (रस्त्याच्या डावीकडे की उजवीकडे), पण त्यात दम नाही. शाळेतून निघणाऱ्याला ते डावीकडे, शाळेत जाणाऱ्याला उजवीकडे. ज्याला जायची वाट आठवते आणि ज्याला सुटायची, एवढाच फरक. माझ्या कागदावर डावीकडे आहे.

खरी गोष्ट वेगळीच निघाली आणि ती मला आधी दिसलीच नाही, मॉनिटरने दाखवली. सोळा नकाशांत गाव रेल्वे फाटकापाशी संपतं. फाटकाची दोन आडवी दांडकी काढली की पुढे कोरा कागद. फक्त तिघांच्या कागदावर फाटकाच्या पलीकडे घरं आहेत, एक हापसा आहे, उतारावरून नदीकडे जाणारी पायवाट आहे. ते तिघं तिथेच राहायचे.

दहा वर्षं एका वर्गात बसलो. मी फाटकापलीकडे कधी गेलो होतो का, हे आठवून पाहतोय.

५ जुलै

स्कॅनिंग. नियम पाठवले, इथेही लिहून ठेवतो, कारण दर दोन दिवसांनी कुणीतरी तेच विचारतं.

मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. स्कॅनर मिळत नसेल तर मला मूळ फोटो द्या, परत आणून देईन. ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवा. चार बाय सहा इंचांच्या फोटोचे त्यात २४०० गुणिले ३६०० ठिपके होतात, मोठा करून मागच्या रांगेतले चेहरे पाहायला तेवढे पुरतात. जपून ठेवायची प्रत टिफमध्ये, पाठवायची जेपेगमध्ये. ग्रुपवर फोटो म्हणून टाकला की तो आकसतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. फोटोच्या मागे लिहायचं तर पेन्सिलने, हलक्या हाताने, आणि मागचं लिखाण असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. मागची बाजू पुष्कळदा पुढच्यापेक्षा बोलकी असते.

प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. दुसरं घर गोलकीपरचं.

१२ जुलै

वर्गाचा सहावीतला ग्रुप फोटो मिळाला! रांगेने बसलेले आम्ही, पुढे पाटीवर इयत्ता आणि तुकडी. ग्रुपवर टाकायला हात शिवशिवत होते. टाकला नाही. पाकिटं अजून पुरी आलेली नाहीत.

कारण सांगतो. लिंडसे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कॉलेजच्या ४५ विद्यार्थ्यांना शाळेतले तीन प्रसंग आठवायला सांगितले. दोन खरे, आईवडिलांना विचारून घेतलेले. तिसरा रचलेला. त्यातल्या २३ जणांच्या हातात त्यांच्या त्या त्या वर्गाचा खराखुरा ग्रुप फोटो दिला. न घडलेला प्रसंग "आठवणारे" या फोटोवाल्यांत कितीतरी जास्त निघाले. फोटो खरा होता, त्यात त्या प्रसंगाचं काहीही नव्हतं. चेहरे, बाई, गणवेश एवढं हाताशी आलं की बाकीचं मन आपोआप शिवून घेतं.

फोटोचा उपयोग नाही असं नाही. बाहरिक पतिपत्नी आणि विटलिंजर यांनी १९७५ मध्ये ३९२ लोकांची त्यांच्या शाळासोबत्यांबद्दल परीक्षा घेतली होती. शाळा सोडून पंधरा वर्षं झालेले लोकसुद्धा चेहरे ओळखण्यात सुमारे ९० टक्के बरोबर. काही न दाखवता नुसती नावं आठवा म्हटलं की सुमारे ६० टक्क्यांवर. अठ्ठेचाळीस वर्षांनी चेहरे ७० टक्के, नावं ३०. म्हणजे ओळख पटायला फोटो दाखवावा, गोष्ट काढून घेताना तो पेटीत ठेवावा. हे मॉनिटरला सांगितलं तर म्हणाली, "मी तुलासुद्धा दाखवणार नव्हते. तूच आणलास म्हणून."

मी दुसऱ्या रांगेत, डोळे मिटलेले.

१९ जुलै

एकाने फोन करून पाकीट परत मागितलं. त्यात मार खाल्ल्याचं लिहिलं होतं, कोणाकडून आणि कशासाठी तेही. लिहून मोकळं वाटलं, म्हणाला, पण राहायला नको. मॉनिटरने पाकीट न फोडता परत केलं. नियम जोडला: आपलं कार्ड केव्हाही परत घेता येईल, कारण विचारायचं नाही. दुसऱ्याबद्दलचं असेल तर त्या दुसऱ्याला आधी दाखवायचं. तो हयात नसेल तर काय, यावर तासभर बोललो आणि काही ठरलं नाही.

२६ जुलै

२६ पाकिटं. पाच जण लिहिणार नाहीत, हे आता धरून चाललोय. उघडायची तारीख २ ऑगस्ट.

२ ऑगस्ट

सहा जण जमलो, मॉनिटरच्या घरी. कार्डांना क्रमांक मी घातले. एकूण १३८. पुरावर १७ जणांनी लिहिलंय.

वर्षाचा पत्ता नाही. सहा जण म्हणतात पाचवीत, सात जण सहावीत, चौघं सातवीत, आणि सतराही जणांना अगदी खात्री. मी हे दुरुस्त करायच्या मागे लागणार होतो, मग टेर्नीची गोष्ट आठवली. इटलीतल्या या पोलादाच्या गावात १७ मार्च १९४९ रोजी लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार नेटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने गेला. मौखिक इतिहास गोळा करणाऱ्या अलेस्सांद्रो पोर्तेल्लीने पुढे गावकऱ्यांना बोलतं केलं तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मध्ये नेऊन ठेवला होता, कारखान्यातून हजारोंना काढलं त्या संघर्षात. पोर्तेल्लीने ते चूक म्हणून बाजूला टाकलं नाही. लोकांना तो मृत्यू जिथे बसायला हवा होता तिथे त्यांनी तो बसवला, हे त्याने धरलं.

आमच्यातही तसंच काहीसं निघालं. पूर सातवीत म्हणणारे चौघेही त्याच वर्षी गाव सोडून गेलेले. त्यांच्या मनात पूर आणि सामान बांधणं शेजारी आलंय. पाचवी-सहावीचा निकाल मात्र वर्गखोलीवरून लागला. पाचवीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि पुढच्या बाकांवरच्या तिघांनी "खिडकीतून पायांजवळ पाणी" असं लिहिलंय. म्हणजे तळमजला, म्हणजे सहावी. आठवण समूहाच्या चौकटीत बसूनच टिकते, असं मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये लिहून ठेवलंय. मॉनिटरने लगेच पकडलं, "मग एकेकट्याने लिहायचा तुझा हट्ट कशाला होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी मिळालं, आणि हवं तसं नव्हतं.

कार्ड ४७ आणि कार्ड ११२.

११२ माझं. पुराच्या दिवशी शिपाईकाका पुलावर पाणी बघायला गेले होते, शाळा सोडायची तर टोल द्यायला कुणी नव्हतं, तो मी दिला. व्हरांड्याच्या टोकाला टांगलेला रुळाचा तुकडा, पावसाने निथळणारा. पहिला ठोका दिला तेव्हा झिणझिण्या कोपरापर्यंत आल्या. "स्वतः पाहिलं" वर ठसठशीत खूण.

४७ कोपऱ्यातलीचं. जसंच्या तसं उतरवतो: "फाटकापाशी पाणी आलं होतं. आईने मला शाळेत सांगायला पाठवलं, म्हणून मी उशिरा पोचले. हेडसरांना सांगितलं. शिपाईकाका नव्हते. सर म्हणाले, तूच दे टोल. हातोडा जड होता, दोन्ही हातांनी धरला. किती ठोके द्यायचे ते माहीत नव्हतं म्हणून थांब म्हणेपर्यंत देत राहिले."

खोलीत कुणी काही बोललं नाही. गोलकीपर चहा टाकतो म्हणून आत गेला.

३ ऑगस्ट

झोप आली नाही. मी ती गोष्ट किमान तीस वेळा सांगितली असेल. पहिल्या गेट-टुगेदरला माइकवरून सांगितली होती. माझ्या मुलांना पाठ आहे.

मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या पियाजेची स्वतःचीच हकीकत माहीत होती मला. तान्ह्या वयात गाडीतून फिरायला नेलेलं असताना कुणीतरी आपल्याला पळवायला आला आणि दाईने झुंज देऊन वाचवलं, हे त्याला स्पष्ट दिसायचं, दाईच्या चेहऱ्यावरच्या ओरखड्यांसकट. तो पंधरा वर्षांचा असताना दाईचं पत्र आलं: सगळं रचलेलं होतं, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळ ती परत करत होती. ऐकलेल्या गोष्टीवरून त्याने चित्र तयार केलं होतं. शीन, केंप आणि रुबिन यांचं २००१ मधलं कामही वाचलेलं. जुळी भावंडं एकाच आठवणीवर दोघंही हक्क सांगतात, पडलो मी, बक्षीस मिळालं मला, आणि दोघांनाही ती तितकीच लख्ख दिसते. हे सगळं मी इतरांना सांगत होतो.

आता दोन्ही कार्डं शेजारी ठेवून वाचली तर एक गोष्ट टोचते. माझ्या कार्डात टोल मीच का दिला, याचं कारण नाही. शाळेत साडेतीनशे मुलं, मी सहावीतला, अंगाने किरकोळ. मलाच का बोलावलं? इतक्या वेळा सांगूनही हा प्रश्न मला कधी पडला नाही. तिच्या कार्डात कारण आहे.

६ ऑगस्ट

बाकीची कार्डं या नजरेने पुन्हा चाळली. कार्ड ८१, गोलकीपरचं: "टोल झाला तेव्हा आम्ही व्हरांड्यात. माझ्या शेजारी" (इथे माझं नाव) "एक चप्पल हातात घेऊन. पट्टा तुटला होता त्याचा. घरी कसं जायचं म्हणून रडवेला झाला होता." परवा चहा टाकायला तो का उठला ते कळलं.

तुटलेला पट्टा मला आठवत नाही. वाचल्यापासून मात्र हळूहळू आठवायला लागलाय, आणि आता त्या आठवणीवरही माझा विश्वास नाही.

कार्ड ९३, पुढच्या बाकावरचीचं: "दुसऱ्या दिवशी ती तळहात दाखवत होती, फोड आले होते. आम्ही सगळे भोवती. म्हणाली, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या."

झिणझिण्यासुद्धा तिच्याच.

१० ऑगस्ट

फोन केला. आधी नकाशाबद्दल बोललो, मग स्कॅनबद्दल. तीच म्हणाली, "कार्डाचं विचारायचंय ना?"

"तू एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगत होतास. छान सांगायचास. आणि मला वाटायचं, टोल कदाचित दोनदा दिला असेल. मी गेल्यावर."

"ग्रुपवर तरी म्हणायचंस."

"अरे, ग्रुपवर तू सांगून झालं की सगळे हो हो म्हणायचे. त्यात मी काय घालणार? कार्ड एकटीने लिहायचं होतं म्हणून लिहिलं."

मी माफी मागितली. तिला ते अवघड झालं असावं, कारण तिने लगेच विचारलं, "तो उताराचा रस्ता कुणीच काढला नाही का नकाशात?" मग अर्धा तास ती फाटकापलीकडचं सांगत होती. पावसाळ्यात फाटक बंद असलं की शाळेला उशीर ठरलेला. उशीर झाला की उभं राहायचं, म्हणून कोपऱ्यातलं बाक, दारापासून जवळ. कोपऱ्यातली हे नाव कशावरून पडलं ते असं पस्तीस वर्षांनी कळलं. मी लिहून घेत होतो आणि लिहून घेणं बरोबर नाही हेही कळत होतं. म्हटलं, हे तुझ्याच आवाजात हवं.

१७ ऑगस्ट

रेकॉर्डिंग. डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. दोन चॅनेल घेतले की तासाला साधारण एक जीबी, म्हणून एकच घेतला. पंखा बंद केला, फोन दुसऱ्या खोलीत, प्रश्न कमीत कमी. मध्ये ती थांबली की मी पुढचा प्रश्न घालायचो, पहिल्या दहा मिनिटांत हे तीनदा केलं. मग हात मांडीखाली घेऊन बसलो. थांबल्यानंतर जे येतं ते प्रश्नाने येत नाही.

५२ मिनिटं. टोलाला त्यातली दोन. बाकी फाटक, उतार, हापसा, रात्रीच्या गाडीचा घरातल्या भांड्यांना लागणारा हादरा, आणि पूर ओसरल्यावर पलीकडची किती घरं पुन्हा उभी राहिली नाहीत ते. आमच्या सतरा कार्डांत पूर म्हणजे शाळेला मिळालेली सुट्टी.

२४ ऑगस्ट

नकाशाचा एकत्रित तक्ता पुन्हा काढायला घेतलाय. आता कागद फाटकाच्या पलीकडे तेवढाच मोठा. ते तिघं मिळून तो भाग भरणार, आधी प्रत्येक जण एकट्याने.

पहिल्या गेट-टुगेदरची चित्रफीत सापडली. त्यात मी माइक धरून टोल देतोय, हात वर नेऊन. लोक टाळ्या वाजवतात. कॅमेरा फिरतो तेव्हा तिसऱ्या रांगेत तीही वाजवताना दिसते.

३० ऑगस्ट

माझं कार्ड काढून टाकावं असं मॉनिटरला म्हटलं. परत घ्यायचा नियम आहेच. तिने नाही म्हटलं नाही, फक्त म्हणाली, "जिचा टोल आहे तिला विचार."

विचारलं. "राहू दे की," ती म्हणाली. "तू ते सांगितलंस हेही खरंच आहे. फक्त त्याच्यावर माझा नंबर लिही."

६ सप्टेंबर

फायलिंग पूर्ण. १३८ कार्डं, नंतर आलेली ४, परत घेतलेलं १ वजा नाही कारण ते कधी उघडलंच नव्हतं. २११ स्कॅन. चित्रफीत ११२ सोबत ठेवली, काढली नाही.

कार्ड ११२ वर "स्वतः पाहिलं" वरची खूण खोडली नाही, शेजारी आजची तारीख घालून "सांगता येत नाही" वर दुसरी केली. खाली पेन्सिलने: पाहा कार्ड ४७.